पाईपची बंदूक, मिक्सरचा कपलर आणि हॅन सोलो

अर्धा_इंची (धागाकर्ता)

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

तर झालं असं की आमच्या सोसायटीत गणपतीत लहान मुलांची वेशभूषा स्पर्धा असते. दरवर्षी सहा शिवाजी महाराज, चार झाशीच्या राण्या, दोन भाजीवाल्या आणि एक झाड. (झाड म्हणजे ज्याच्या आईला आदल्या रात्री आठवतं तो.) यंदा आमच्या चिरंजिवांनी, वय वर्षं नऊ, जाहीर केलं की मी स्टार वॉर्स सिनेमातला हॅन सोलो होणार. जाकीट मावसभावाचं मिळालं, बूट होतेच, घोडं अडलं बंदुकीवर. ऑनलाइन शोधलं तर जी बघवत होती तिची किंमत बघवत नव्हती.

मग हार्डवेअरच्या दुकानात गेलो. पाऊण इंची पीव्हीसी पाईपचा वीतभर तुकडा, एक रिड्यूसर आणि मुठीसाठी एल्बो. एल्बो फसला, बंदूक कमी आणि बेसिनखालचा नळ जास्त वाटायला लागली, शेवटी गंजलेल्या करवतीची लाकडी मूठ काढून ती बसवली. वर दुर्बीण म्हणून पेन्सिल सेलची बंद पडलेली टॉर्च. आणि नळीच्या तोंडाशी काहीतरी दातेरी पाहिजे होतं तिथे मिक्सरचा जुना कपलर, तोच तो काळा, दर दीड वर्षाने झिजतो तो. फेव्हिक्विकवर सगळं उभं राहिलं. पॉलिश पेपर मारून पाईपची चकाकी घालवली, वर काळ्या स्प्रेचे दोन हात, आणि मग एक युक्ती केली ती तुम्हीपण करून बघा: रंग वाळल्यावर कडाकडांवरून शिसपेन्सिल घासायची आणि बोटाने पुसायची, रंग उडून खालचं लोखंड दिसतंय असंच वाटतं, माझ्या सासऱ्यांनी हातात घेईपर्यंत खरं मानलं होतं.

स्पर्धेत परीक्षक बाईंनी वाकून विचारलं, "अरे वा, ड्रिल मशीन! तू सुतार झालायस का बाळा?" उत्तेजनार्थ मिळालं. स्टीलची वाटी.

पोरगा वाटीत श्रीखंड खाऊन झोपला पण माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून खरी बंदूक कशी बनवली होती ते शोधत बसलो, आणि रात्री दीड वाजता मला कळलं की मी जे केलं तेच त्यांनी केलं होतं, फक्त त्यांचं भंगार भारी होतं. १९७७ चा पहिला स्टार वॉर्स, हातात पैसे बेताचे, कोऱ्या कागदावरून लेझरच्या बंदुका घडवायला वेळही नाही. लंडनमध्ये बॅप्टी म्हणून कंपनी आहे, सिनेमांना हत्यारं भाड्याने देते. तिथून जुनं जर्मन माऊझर सी९६ पिस्तूल घेतलं, म्हणजे १८९६ चं मॉडेल. वर रायफलची दुर्बीण चढवली, नळीच्या तोंडाला एमजी८१ या जर्मन मशीनगनचा फ्लॅश हायडर, म्हणजे गोळी सुटतानाची ज्वाळा झाकणारा तुकडा, लावला (हा माझा कपलर!) आणि झाला भविष्यातला ब्लास्टर. त्यातलं एक ऑगस्ट २०२२ ला अमेरिकेत लिलावात १० लाख ५७ हजार ५०० डॉलरला गेलं. सिनेमाचा नायक ल्यूक, त्याच्या हातातली ती प्रकाशतलवार? तिची मूठ म्हणजे जुन्या प्रेस फोटोग्राफर लोकांच्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा, आत सेल टाकायचे. लंडनच्या एका फोटोच्या दुकानात जुन्या मालात पडलेला. सेट सजवणारे रॉजर ख्रिश्चन यांनी तो उचलला आणि त्याला ड्रॉवर सरकतात त्या छापाच्या पट्ट्या चिकटवल्या.

म्हणजे थोडक्यात माझी टॉर्च बरोबर होती, जागा चुकली.

तर असले अजून किस्से असतील तर टाका. सिनेमातल्या बंदुका, खेळण्यातल्या, पिचकाऱ्या, टिकल्या, काहीही चालेल.

---

मूगभजी

हसून हसून पुरेवाट. झाड!! मी स्वतः सलग दोन वर्षं झाड होते, दुसऱ्या वर्षी आईने नुसता वरून एक पोपट लावला होता.
फोटो टाका की. फोटोशिवाय धागा म्हणजे जिलबी (उगाच काढलेला धागा) धरली जाईल.

---

टिकली_फुस्स

मस्त धागा. आमच्या वेळची गंमत म्हणजे दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल. दोन प्रकार असायचे, एक सुट्या टिकल्यांचं, त्यात एकेक गोल टिकली ठेवून घोडा सोडायचा, आणि दुसरं रोलवालं, त्याचं झाकण उघडून आत लाल कागदाचा रोल बसवायचा आणि जाहिरातीप्रमाणे ठो ठो ठो. प्रत्यक्षात ठो, फुस्स, फुस्स, ठो, आणि मग रोल अडकायचा, मग नखाने तो पुढे ओढायचा आणि नेमकी तेव्हाच एक टिकली पेटून नख काळं. वसुबारसेला आणलेलं पिस्तूल पाडव्यापर्यंत टिकलं तर नशीब, कारण टिकलीच्या राखेने घोडा गंजून धरायचा. मग उरलेला रोल काय करायचा तर फरशीवर ठेवून वरवंटा. आमच्या आजीचा वरवंटा बरं का, तिने त्याच वरवंट्याने नंतर चटणी वाटली होती का यावर आमच्या घरात अजून दुमत आहे.

त्या वासासाठी मात्र मी आत्तासुद्धा दरवर्षी एक डबी आणतो. पोरं विचारतात बाबा हे काय, म्हणतो परफ्यूम.

---

निवृत्त_शिट्टी

धागाकर्ते, माझं वय आता ६६. पोलिसात होतो. सिनेमातलं मला फार कळत नाही पण नातू शेजारी बसून ते स्टार वॉर्स बघत होता आणि ते पांढरी चिलखतं घातलेले शिपाई आले तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, अरे ही तर आमची कार्बाइन!

नातू म्हणाला आजोबा काहीतरीच. मग मी त्याला थांबवून थांबवून दाखवलं. नळीवर ते भोकाभोकांचं जाळीदार कव्हर, मॅगझिन खालून नाही तर डाव्या बाजूने आडवं घुसतं, आणि दस्ता लोखंडी, घडी करून नळीखाली दुमडायचा. ओळखायला एक सेकंद लागत नाही, ती गोष्ट वर्षानुवर्षं खांद्याला असल्यावर. मूळ ब्रिटिशांची स्टर्लिंग, आपल्याकडे परवान्यावर कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनायची, कार्बाइन १ए. ९ मिमी. रिकामी पावणेतीन किलोच्या आसपास, पण नाईट ड्युटीत पहाटे चारला ती सात किलोची होते. मॅगझिनमध्ये ३४ राऊंड बसतात, सिनेमावाल्यांनी आखूड लावलंय ते मला लगेच खटकलं.

डाव्या बाजूच्या त्या मॅगझिनचा त्रास फक्त वापरणाऱ्याला माहीत. जीपच्या दारात अडकतं, बंदोबस्ताच्या गर्दीत कोणाच्या तरी बरगडीत जातं आणि तो माणूस वळून आपल्यालाच दोन शब्द ऐकवतो. तेव्हा ते पांढरे शिपाई त्या अरुंद बोळातनं पळताना बघून मला त्यांची दया आली.

बाकी त्यांचा नेम इतका वाईट का यावर मी बोलणार नाही. खात्याचा प्रश्न आहे.

---

अर्धा_इंची

काका साष्टांग नमस्कार!! धाग्याचं सार्थक झालं. मी स्टर्लिंग वाचलं होतं पण कानपूरचं डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे लहानपणी बँकेबाहेर नाहीतर बंदोबस्तात जी बघून आपण आईच्या पदराआड जायचो तीच दूरच्या आकाशगंगेत. जाळीच्या भोकांवर त्यांनी काळ्या पट्ट्या बसवल्यात बघा, त्या प्लास्टिकच्या टी आकाराच्या पट्ट्या आहेत, त्याच तलवारीच्या मुठीला लावल्यात. एका भेंडोळ्यात दोन कामं, आमच्या हिच्या शिवणकामासारखं. आणि त्यातल्या काही खरोखर कोरी काडतुसं उडवायच्या, म्हणून काही शॉट थांबवून बघितले तर लेझरच्या बंदुकीतून पितळी टोपण उडताना दिसतं असं वाचलंय, आज नातवाला कामाला लावा.

---

तारसप्तक

आवाजाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी. तो जो प्यूंऽऽ आवाज आहे ना, तो कुठल्याही मशीनमधून काढलेला नाही. साऊंड डिझायनर बेन बर्ट यांनी रेडिओच्या उंच मनोऱ्याला धरून ठेवणारी जी ताणाची जाड तार असते तिच्यावर हातोडी मारली आणि शेजारी माईक धरला. बस.

का होतं असं? जाड ताठ तारेतून वेगवेगळे सूर एकाच वेगाने जात नाहीत. वरच्या पट्टीचे आधी पोचतात, खर्जातले मागून रेंगाळत येतात. म्हणजे मारलेला ठोका होता एकच ठक्, पण लांबवर उभ्या माणसाला तो चिवचिवीपासून सुरू होऊन खाली घसरत ऐकू येतो.

घरी करायचं असेल तर स्लिंकी, ती पायऱ्या उतरणारी स्प्रिंग, धातूची हवी. एका टोकाला कागदी कप अडकवायचा, दुसरं टोक खाली सोडायचं आणि चमच्याने हलकेच टकटक. विजेच्या खांबाच्या ताणावर हातोडी मारायला कृपया कोणीही जाऊ नये, इथले एकदोन सभासद मला माहीत आहेत.

---

मूगभजी

तारसप्तक, आत्ता रात्री सव्वाअकराला केलं. लेकीची स्लिंकी, कालचा चहाचा कागदी कप. पहिल्यांदा नुसतं खुळखुळ वाजलं कारण मी कप हातात घट्ट धरला होता, मग कप नुसता लटकत ठेवला आणि खालच्या टोकाला चमचा मारला आणि आई शप्पथ प्यूं!!! नवरा झोपेतून उठून म्हणाला मोबाईल कमी आवाजात बघ.

---

अटलांटा_ते_अलिबाग

पिचकारीचा विषय निघालाच आहे तर. आमच्या गावात (आता अटलांटा, मूळ नाव सांगतंच आहे) एक लॉनी जॉन्सन म्हणून गृहस्थ आहेत, सुपर सोकर ही पाण्याची बंदूक त्यांची. इंजिनियर माणूस, नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेत गॅलिलिओ यानावर काम केलेला. १९८२ साली घरच्या बाथरूममध्ये पाण्यावर चालणाऱ्या हीट पंपची खटपट करत होता, स्वतः बनवलेलं नॉझल नळाला जोडलं, पाणी सोडलं आणि अशी धार सुटली की हीट पंप राहिला बाजूला. प्रोटोटाइप कशाचा? पीव्हीसी पाईप, ॲक्रिलिक आणि वर टाकी म्हणून कोल्ड्रिंकची रिकामी बाटली. अर्धा_इंची, तुमचे सख्खे बंधू.

मग वर्षानुवर्षं कंपन्यांचे उंबरे झिजवले. शेवटी फिलाडेल्फियाच्या लारामी कंपनीत मीटिंगमध्येच बॅगेतून काढून खोलीभर धार मारून दाखवली. १९९० ला बाजारात आलं पॉवर ड्रेंचर नावाने, पुढच्या वर्षी नाव बदललं सुपर सोकर, आणि मग जे विकलं गेलं ते विकलंच गेलं. लारामी पुढे हॅस्ब्रोकडे गेली, रॉयल्टीवरून वाद झाला आणि २०१३ मध्ये लवादाने जॉन्सनना सुमारे ७ कोटी २९ लाख डॉलर मिळवून दिले.

आपल्या पितळी पिचकारीत आणि ह्यात फरक एवढाच की पिचकारीत आपला दंड पाण्याला ढकलतो, त्यामुळे दंड थकला की धार पडली. सोकरमध्ये तुम्ही आधी निवांत पंप मारून हवा दाबून ठेवता, ती हवा पाण्याला ढकलते, आणि घोडा म्हणजे नुसता कॉक. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरल्यासारखं. हल्ली रंगपंचमीला पाठीवर टाकी अडकवलेली पोरं दिसतात त्यातल्या बऱ्याच मात्र हवेच्या नसतात, नुसत्या टाकीला जोडलेल्या साध्या पिचकाऱ्या, आकार मोठा आणि धार आजीच्या झारीची.

---

सातव्या_मजल्यावरून

सगळं ठीक आहे पण मला एक कळत नाही, नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात बंदूक द्यायचीच कशाला? मग ती पाईपची का असेना. आमच्या घरात बंदूक या प्रकाराला बंदी आहे. मुलगा सध्या केळं घेऊन ठो ठो करतो ही गोष्ट वेगळी.

---

अर्धा_इंची

ताई, मुद्दा मान्य आहे, मी पण दोनदा विचार केला होता. पण तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे :)

---

सातव्या_मजल्यावरून

केळं खाता येतं. हलकेच घ्या. पण खरंच सांगते, तुमची ती काळी करून, पेन्सिल घासून खऱ्यासारखी केलेली मला जास्त भीतीची वाटते. खेळणं खेळण्यासारखं दिसावं.

---

रॉकेट_बिस्कीट

ताईंशी सहमत आणि हे नुसतं मत नाही, अमेरिकेत १९८८ साली कायदाच झाला की खेळण्यातल्या बंदुकीच्या तोंडाला भडक केशरी टोक पाहिजे, कारण अंधारात पोलिसाला फरक कळत नाही. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो, घेताना तो बघा. आणि विमानात केबिन बॅगेत खेळण्यातली बंदूक चालत नाही, हे मी स्वतः शिकलोय. भाच्याची हिरवी पारदर्शक, लाईट लागणारी, आतला स्पीकर बिघडल्यामुळे मध्येच आपोआप टॅरॅरॅरॅ करणारी. सिक्युरिटीच्या ट्रेमध्ये तिने टॅरॅरॅरॅ केलं. पुढचं सांगत नाही, विमान मिळालं पण पुरणपोळ्यांचा डबासुद्धा उघडून दाखवावा लागला.

आता माझी भर. खेळण्यातली अवकाशातली बंदूक ही स्टार वॉर्सच्या बरीच आधीची आहे. १९३४ ला डेझी नावाच्या छऱ्याच्या बंदुका बनवणाऱ्या कंपनीने बक रॉजर्स या चित्रकथेतल्या अवकाशवीराचं रॉकेट पिस्तूल काढलं, पत्र्याचं, ५० सेंट, आणि ते मंदीच्या दिवसांत. त्यातून काही म्हणजे काही उडत नव्हतं, फक्त आवाज यायचा, आणि त्या आवाजासाठी लोक घेत होते. त्या पिस्तुलाच्या वंशातली ती पत्र्याची जपानी खेळणी, घोडा दाबला की आत चकमक घासून लाल काचेमागे ठिणग्या, काहींनी बघितली असतील.

आणि उलटा प्रकार, खरी असून खेळण्यासारखी: जायरोजेट. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात एमबी असोसिएट्सने खरोखरच रॉकेट सोडणारं पिस्तूल विकलं. १३ मिमीचं इवलं रॉकेट. घोड्याचा हातोडा मागून नाही तर पुढून रॉकेटच्या नाकावर आपटायचा आणि त्याला मागच्या टाचणीवर ढकलायचा, रॉकेट पेटून निघताना त्याच हातोड्याला दाबून पुन्हा चढवून जायचं. कल्पना झकास. धक्का जवळपास नाही. पण आपल्या दिवाळीच्या रॉकेटसारखंच, बाटलीतून निघतानाचा वेग काहीच नाही, जोर धरायचा तो पुढे गेल्यावर, म्हणजे समोर जवळ उभ्या माणसाला सगळ्यात कमी धोका. नेम भरकटायचा आणि दारूगोळा महाग. धंदा बसला, आज संग्राहक त्याच्यामागे वेडे आहेत.

---

मोहाचं_झाड

(वर झाडाचा उल्लेख आला म्हणून नाव वाचून हसू नका, मी खराखुरा गडचिरोलीकडचा आहे.)

तुमचा पाईप, तो सोकर, सगळ्याच्या आधीची गोष्ट आमच्या शेजारी आहे. बस्तरला जगदलपूरला आषाढात जगन्नाथाची रथयात्रा असते, गोंचा म्हणतात. त्यात देवाला सलामी द्यायला लोक तुपकी उडवतात. तुपकी म्हणजे बांबूची पोकळ नळी आणि तिच्यात बरोबर बसणारा दांडा, बस एवढंच. गोळी म्हणून मालकांगोणीची हिरवी कच्ची फळं, तिकडे पेंग म्हणतात. एक फळ ठासून नळीच्या पुढच्या टोकाला न्यायचं, दुसरं मागून घालायचं आणि दांड्याने जोरात दाबायचं. दोन फळांच्या मध्ये हवा कोंडते, आणि पुढचं फळ फट्ट करून उडतं. मागचं आता पुढे आलं, की पुन्हा नवीन मागे. फुकटचं मॅगझिन.

लागलं तर चिमटा काढल्यासारखं होतं आणि कोणी रागवत नाही, सणच तो. तुपक्यांना रंगीत कागद, पन्नी लावून सजवतात, काही तर चांगल्या बंदुकीच्या आकाराच्या करतात. मी लहानपणी एक आणली होती, फळं संपल्यावर ओल्या कागदाचे बोळे करून चालवली. कागद चावून चावून तोंडाला वर्तमानपत्राची चव. बाबांचा पेपर होता, आणि अजून त्यांनी वाचला नव्हता.

---

निवृत्त_शिट्टी

मोहाचं झाड, फार छान माहिती. मी दोन वर्षं गडचिरोलीला होतो.

नातवाला ते पितळी टोपणाचं सांगितलं. तो संध्याकाळपासून एकेक फ्रेम पुढे ढकलतोय, जेवायला उठत नाहीये. सुनेने धागाकर्त्यांचा पत्ता मागितला आहे.

---

टिकली_फुस्स

काका :)
ब्लेड रनर सिनेमातल्या पिस्तुलाबद्दल कोणी लिहिलं नाही. तेही असंच जोडकाम, स्टायर मॅनलिखर रायफलचा घोड्याकडचा भाग आणि खाली चार्टर आर्म्सचं रिव्हॉल्व्हर, वर दिवे. रायफलमुळे घोडेच दोन. २००९ ला २ लाख ७० हजार डॉलरला गेलं. आणि एलियन्स सिनेमातल्या त्या प्रसिद्ध पल्स रायफलच्या पोटात जुनी थॉम्पसन मशीनगन आहे आणि खाली शॉटगन, वरून नुसता मुलामा. माझं स्पष्ट मत, कॉम्प्युटरवर काढलेल्या हल्लीच्या बंदुका म्हणूनच हलक्या वाटतात, नटाच्या मनगटाला वजन पडलेलं दिसत नाही. रबराची धरली की हात रबराचा होतो.

अर्धा_इंची, पाईपात वाळू भरा पुढच्या वेळी.

---

अर्धा_इंची

वाळूची आयडिया एक नंबर, नोंद केली आहे. फोटो उद्या टाकतो, आत्ता टाकता येत नाही कारण दुर्बिणीची टॉर्च काढून घेतली गेली आहे, लाईट गेले होते.

ताजी खबर म्हणजे चिरंजीव हा धागा माझ्या खांद्यावरून वाचत होते. त्यांना प्रतिसादांपेक्षा मी शेजारी उघडून ठेवलेला डॉक्टर हू मधल्या डॅलेकचा फोटो आवडला. १९६३ पासून ब्रिटिश टीव्हीवर येणारा तो मिरपूडदाणीसारख्या यंत्रात बसलेला परग्रहवासी, एका बाजूला हात म्हणून बेसिन तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप, आणि दुसऱ्या बाजूला बंदूक, जी थेट अंडी फेटायच्या रवीसारखी दिसते. पुढच्या गणपतीला हाच होणार असं ठरलं आहे. अजून अकरा महिने आहेत म्हणून मी हो म्हणालो.

पण हिने आत्ता स्वयंपाकघरातून विचारलं की ताकाची रवी कुठे गेली, आणि चिरंजीव बाथरूमला आतून कडी लावून बसलेत.